रचलेले रविवार

ह्यांनी आरसा घासायला घेतला तेव्हा ऋतुराज दुसरीत होता. परसात पत्र्याचं पिंप, हलू नये म्हणून त्यात भरलेली वाळू, वर ताटाएवढी जाड काच, आणि त्या पिंपाभोवती फिरत फिरत हे ती काच दुसऱ्या काचेनं घासतायत. दहिवडीच्या एस.टी. डेपोत मेकॅनिक होते. डेपोतून आले की चहा, चहा झाला की प्रदक्षिणा. शेजारच्या फडतरेकाकू भिंतीवरून विचारायच्या, "सुरेखा, हणमंतरावांनी कुठलं व्रत धरलंय गं हे?"

"काचेश्वराचं," मी म्हणायचे. "उद्यापनाला या."

उद्यापनाला दोन हिवाळे गेले. दुर्बिणीचा आरसा फार मानी असतो. केसाच्या जाडीचे शेकडो भाग करा, त्यातल्या एका भागाएवढा उंचवटा राहिला तरी तारा फिसकटतो. हे हातानं, नुसत्या हातानं, तो उंचवटा उतरवत बसायचे. एकदा त्यांनी ऋतुराजला अंगठा काचेवर टेकवायला लावला आणि मग आरसा तपासायला उभ्या केलेल्या दाढीच्या ब्लेडमागून बघायला सांगितलं. आरशावर टेंगूळ आलं होतं.

"हे काय पप्पा?"

"तुझी ऊब. तेवढ्यानं काच फुगली बघ."

टेंगूळ बसेपर्यंत पोरगं तिथून हललं नाही.

पुढं त्याच हातांना कंपवात झाला. असला विनोद कुणाला तरी सुचल्याशिवाय घडत नाही, म्हणून देव आहे असं मी मानते.

मी ब्लाउज शिवायचे. आभाळातलं मला काही कळत नव्हतं. ह्यांच्यामागे बॅटरी धरून उभी राहता राहता कळायला लागलं. ह्यांना माउस धरवेना तसं दुर्बिणीतून काढलेले फोटो कॉम्प्युटरवर एकावर एक रचायचं काम माझ्याकडे आलं, आणि ओठांजवळ कप नेणंही अवघड झालं तशी सगळी दुर्बीणच माझ्याकडे आली. हे खुर्चीत बसून हुकूम सोडायचे.

"डावीकडं घे."

"तुमच्या डावीकडं का माझ्या?"

"दुर्बिणीच्या."

"ती सगळं उलटं दाखवते. तिची डावी कुठली धरायची?"

"तेवढ्यासाठीच तर तुला ठेवलीय."

ह्यांची एकच इच्छा होती. मीन राशीत एक सर्पिल दीर्घिका आहे. आपल्या आकाशगंगेसारखीच, पण पार समोरून दिसणारी, पाण्यात भोवरा दिसतो तशी. तिच्याकडून निघालेला उजेड इथं पोचायला तीन कोटी वर्षं लागतात आणि पोचतो तेव्हा इतका दमलेला असतो, की भल्याभल्यांच्या दुर्बिणीत ती सापडत नाही. हौशी मंडळी तिला भूत म्हणतात. हे भूत स्वतः घासलेल्या आरशानं पकडायचं, आणि ते छापलेलं ऋतुराजच्या हातात द्यायचं. तो आला की.

तो यायचा होता. आमच्या घरात सगळं त्यावर अडलेलं होतं.

तो हॅम्बुर्गला असतो. बंदरातल्या एका कंपनीत मालाच्या जहाजांचं वेळापत्रक बघायचा. दर रविवारी दुपारी चारला त्याचा फोन. तो वाजला की हे हातावर बसायचे. खरंच. दोन्ही तळवे मांडीखाली, शाळेतल्या पोरासारखे.

"पप्पा, असे आखडून काय बसलाय?"

"थंडी आहे रे."

"मे महिन्यात?"

मी आतून म्हणायचे, सांगा त्याला. हे फोन ठेवल्यावर म्हणायचे, "त्यानं मला बघायला यावं. दुखण्याला भेटायला येऊ नये." आणि प्रत्येक फोनचा शेवट एकाच वाक्यानं करायचे: "तिकडंच बरं आहे तुझं. आमची काळजी करू नको, आम्ही मजेत आहोत."

दिवाळीआधी ऋतुराजनं 'सोबत'चा संच पाठवला. टीव्हीला जोडायची बोटभर डबी. फोन आता पडद्यावर यायचा, आणि ह्यांचं स्वतःचं चित्र खालच्या कोपऱ्यात छोटं दिसायचं. पहिल्याच रविवारी ह्यांनी सवयीनं हात मांडीखाली घेतले, मग चहाचा कप घ्यायला एक काढला. माझ्या डोळ्यांसमोर अर्धा चहा लेंग्यावर सांडला. पण कोपऱ्यातल्या चित्रात कप सरळ ओठांपर्यंत गेला. एक थेंब नाही.

फोन झाल्यावर हे बराच वेळ कोपऱ्याकडे बघत बसले. हात वर केला, बोटं पसरली. इकडे बोटं पिंपळाच्या पानासारखी, तिकडे पुतळ्यासारखी.

"बघितलंस? तिकडचा हणमंत बरा झाला."

त्या डबीत काय आहे हे मला समजवायला कुणी लागलं नाही, कारण तेच मी रोज करत होते. दीर्घिकेचा एक फोटो काढला तर त्यात काहीही दिसत नाही. दिसते ती खरखर. रेडिओचं स्टेशन नीट लागलं नाही की ऐकू यायची ना, तशी ती फोटोत रवाळ दिसते. म्हणून शेकडो फोटो काढायचे आणि एकावर एक रचायचे. ब्लाउजचे पदर रचतात तसेच. टाचण्या म्हणून तारे वापरायचे, तारा ताऱ्यावर बसला की पदर जुळला. खरखर दर फोटोत वेगळी पडते, म्हणून रचत गेलं की ती एकमेकींना खाऊन टाकते आणि पिठासारखी खाली बसते. दीर्घिका दर फोटोत असते, ती वर येते. मध्येच एखादा उपग्रह ओरखडा काढून जातो. आता तर आभाळात ताऱ्यांपेक्षा उपग्रह जास्त. त्याचाही नियम सोपा आहे: एकाच फोटोत आलं आणि बाकीच्यांत नाही, ते फेकून द्यायचं. जे सगळीकडे आहे ते ठेवायचं.

सोबतही तेच करायची. तिला माणसाची ठेवण पाठ व्हायची. जे नेहमीचं ते ठेवायची, जे थरथरतं ते फेकायची. ह्या सोयीचं नाव 'सावर'. ह्यांचा आवाज खोल गेला तेव्हा पडद्यावर प्रश्न आला: 'पूर्ण सावरू का?' ह्यांनी मला बटण दाबायला लावलं. त्या दिवसापासून हे पुटपुटायचे आणि तिकडे खणखणीत पोचायचं, राहिलेले शब्दसुद्धा भरून.

एका रविवारी बोलता बोलता हे उठून मोरीत गेले. परत आले तर कोपऱ्यात हे खुर्चीतच, ऋतुराजच्या बोलण्यावर मान डोलावतायत. आम्ही दोघं दारात उभे राहून तोंडात पदर कोंबून हसलो. म्हणजे पदर माझा, तोंडं दोघांची.

"मी मुतायला गेलो तरी इथंच!"

"जन्मात पहिल्यांदा पोराचं पूर्ण ऐकून घेतलंत," मी म्हटलं.

मार्गशीर्षात हे दोनदा पडले. दुसऱ्यांदा कपाळाला टाके. मी ह्यांना न सांगता स्वयंपाकघरातून, मोबाइलवरच्या सोबतनं, ऋतुराजला फोन लावला. लगेच उचलला. मी सगळं सांगितलं. चालणं, गिळणं, औषधं किती वाढली ते.

"अरेरे. डॉक्टर काय म्हणाले? आई, तूही स्वतःला जप हं."

"ये रे एकदा."

"येतो ना. मार्चमध्ये नक्की येतो."

इतक्या मायेनं बोलला की मला त्या रात्री गाढ झोप लागली.

आणि मग ह्यांना मुलाचा फोटो हवासा वाटला. भिंतीवर लावायला, चांगला मोठा. "एका रविवारी डोळे मिटलेले, एका रविवारी तोंड उघडं. तू सगळे रविवार रच. आपल्या भुतासारखा त्यालाही वर काढ."

संचात सगळे कॉल साठवलेले होते. मी दुपारी बसले. टाचण्या डोळ्यांच्या कोपऱ्यांना लावल्या. मला ठाऊक होतं चेहरा धूसर येणार. माणूस म्हणजे तारा नव्हे. एका आठवड्यात दाढी वाढते, एकात गाल बसतात.

चेहरा धारदार आला. पापणी न् पापणी. आणि खरखर बसली नाही.

मला आधी वाटलं माझं चुकलं. पुन्हा रचलं. ह्यांनीच कधीतरी शिकवलं होतं, की जी खरखर रचून बसत नाही ती यंत्राची. कॅमेऱ्याला स्वतःचे डाग असतात, ते दर फोटोत त्याच जागी येतात. पण कॅमेऱ्याचा डाग काचेला चिकटलेला असतो; चेहरा हलला की तो मागे राहतो. ही खरखर मागे राहत नव्हती. ती भुवईबरोबर हिंडत होती, गालाबरोबर हसत होती. दर रविवारी तोच दाणा हनुवटीच्या त्याच जागी. चेहरा जिथं तयार होत होता, तिथंच त्याच्यासोबत ती तयार होत होती.

मी दिवाळीच्या आसपासचे पहिले काही रविवार वेगळे काढून रचले. धूसर आले. दाढीवर दाढी, डोळ्यांखाली सावल्या, खरखर छान खाली बसलेली. तो माझा मुलगा होता. त्यानंतरचे सगळे कॉल, आणि माझा स्वयंपाकघरातला फोनही, दुसऱ्याच कुणाशी झाले होते.

कुणी नसलेल्याशी.

मी फोन लावला. "ऋतुराज, तू आहेस ना रे तिकडे?"

"आहे की आई. इथंच आहे. काय झालं?"

"खरं सांग."

"अगं खरंच. जेवलीस का?"

मी तोच प्रश्न दिवसभर विचारत राहिले. संध्याकाळी यंत्र कंटाळलं असावं, कारण खराखुरा फोन आला. वारा, गाड्यांचे आवाज, थंडीनं लाल झालेलं नाक, वेडीवाकडी दाढी. मला त्या नाकाची पापी घ्यावीशी वाटली.

"आई, काय झालं? पटकन सांग, बस येईल माझी."

"तू रविवारी नसतोस."

तो बसच्या वाटेकडे बघत म्हणाला, "आठवडाभर उभा असतो गं मी. रविवारी झोप अनावर होते. पण सोबत तुमचे फोन, निरोप सगळे घेते आणि नंतर सगळं सांगते मला."

"काय सांगते?"

"थांब, वाचतो. 'आई काळजीत. वडील ठीक. हात स्थिर, आवाज खणखणीत.' बघ. फोटो पण आहे, कप धरलाय त्यांनी. मस्त दिसतायत पप्पा."

"तो फोटो खरा नाही रे."

"आई, तू दिवसरात्र तिथंच असतेस ना, तुला जरा जास्त दिसतं. आली बस. रविवारी बोलू."

वेळापत्रक बघणारा माणूस आठवडाभर उभा कशाला असतो, हे विचारायचं मला सुचलं नाही.

मी ह्यांना म्हटलं, "ते सावरणं बंद करा. त्याला दिसू दे."

ह्यांनी नाही म्हणून मान हलवली. तेवढी मान मात्र थरथरली नाही.

फोटो साताऱ्याहून छापून आणला. लपवून ठेवायचा विचार होता, पण ह्यांनी हात पुढे केला. पिंपाभोवती दोन हिवाळे फिरलेला माणूस. फोटो मांडीवर ठेवून, नाक टेकेल इतकं वाकून त्यांनी बघितला. हनुवटीपाशी थांबले. गालापाशी थांबले.

"खरखर बसली नाही."

"जरा राहिलीय," मी म्हटलं.

"चेहऱ्याबरोबर फिरते?"

मी फोटोच्या वेष्टनाची घडी घालायला लागले. हे खिडकीबाहेर बघत होते. फडतरेकाकूंचं मांजर भिंतीवरून गेलं, ते पार दिसेनासं होईपर्यंत बघितलं.

"लाव भिंतीवर," म्हणाले. "चांगला आलाय."

त्या रविवारी चारला पडदा लागला. "काय पप्पा, कसे आहात?"

"मजेत," हे म्हणाले. मग, बँकेतल्या साहेबाशी बोलावं तसं, "आपण कसे आहात? जेवलात का?"

"हो पप्पा, जेवलो."

स्वतःच्या पोराला अहोजाहो. तिकडे कुणाला खटकलं नाही. तासभर हे त्या परक्याशी अदबीनं बोलले. डेपोच्या गोष्टी सांगितल्या, दीर्घिकेचं सांगितलं. मी विचारलं, कशाला बोलता? म्हणाले, "मग कुणाशी बोलू? ह्याला निदान वेळ आहे."

भूत संक्रांतीच्या सुमारास सापडलं. दिवेलागणीनंतर गच्चीवर मी लॅपटॉप ह्यांच्या मांडीवर धरला. कित्येक संध्याकाळींचा उजेड रचला होता. आधी मधला पिवळसर ठिपका, मग त्याच्याभोवती हळूहळू दोन हात उलगडले, निळे, आणि त्यांच्यावर कुंकवाच्या बोटांसारखे गुलाबी डाग. तिथं नवे तारे जन्मतात. आमच्याच आरशातून. ह्यांची बोटं पडद्यावर थडथड वाजत होती.

"तीन कोटी वर्षं," मी म्हटलं. "आता तिथं काय असेल कुणास ठाऊक."

"असू दे काहीही. पण हा उजेड स्वतः निघाला होता, सुरेखा. ह्याला कुणी आपल्या जागी पाठवलेला नाही."

आठवड्याभरात ह्यांच्या छातीत कफ झाला. गिळलेलं चुकीच्या नळीत जातं, ह्या दुखण्यात शेवटी हेच होतं, डॉक्टर म्हणाले. पहाटे गेले. हात पहिल्यांदा स्वस्थ पडले होते. मी ते धरून बसले, आणि तो पुतळा मला अजिबात आवडला नाही.

उजाडल्यावर पडदा लावला. "ऋतुराज, पप्पा गेले रे."

तिकडचा चेहरा पिळवटला. डोळ्यांत पाणी आलं. "काय सांगतेस आई! मी निघतो. मी लगेच निघतो."

आणि मी, जिनं स्वतःच्या हातानं त्याची खरखर तपासली होती, तिनं विश्वास ठेवला. त्या वेळी मुलगा जे बोलतो तेच तो बोलला, आणि त्या वेळी आई जे ऐकते तेच मी ऐकलं. पुतण्यानं, संग्रामनंही, निरोप पाठवला. उत्तर आलं: 'दादा, निघालोय. माझ्यासाठी थांबा.'

आम्ही थांबलो. बर्फाच्या लाद्या आणल्या. भावकी ओसरीवर बसून राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा विचारलं. 'वाटेत आहे.' कुठल्या वाटेत, ह्यावर 'लवकरच पोचतो.' बर्फाचं पाणी उंबऱ्यापर्यंत आलं तेव्हा फडतरेकाकू माझ्या कानाशी म्हणाल्या, "सुरेखा, आता नको गं त्यांचे हाल." अग्नी संग्रामनं दिला.

घरी आल्यावर अंघोळ करून मी बाहेरच्या खोलीत आले. पडदा चालूच राहिला होता. कोपऱ्यात छोट्या चित्रात मी उभी होते, ओल्या केसांची. आणि माझ्यामागे रिकाम्या खुर्चीत हे बसले होते. हातात कप.

तेव्हा कळलं तिकडे काय पोचलं असेल. मी ओरडून सांगितलं होतं, गेले म्हणून. माझ्यामागे हे चहा पीत होते. शेकडो वेळा 'मजेत', एकदा 'गेले'. एकाच फोटोत आलं आणि बाकीच्यांत नाही. ओरखडा समजून फेकून दिलं असणार. 'आई काळजीत. वडील ठीक.'

"काकी, त्याच्या ऑफिसात फोन लावतो," संग्राम म्हणाला.

"नको."

"नको? अहो, बाप गेलाय त्याचा."

"त्याला कळू दे."

"कळवल्याशिवाय कसं कळणार?"

"बघितलं की कळेल," मी म्हटलं. "बापाकडं एकदा नीट बघितलं की कळेल."

संग्रामनं माझ्याकडे असं बघितलं, की मी तोंड फिरवलं. मला समजत होतं मी काय करतेय. कुणीतरी त्या पोरावर दुष्टपणा करायलाच हवा होता, आणि माझ्याइतका हक्क कुणाचा नव्हता.

संच मी बंद केला नाही. रविवारी चारला दोघं बोलायला लागायचे. "काय पप्पा?" "मजेत." दोघांच्याही चेहऱ्यावर तजेला, दोघांनाही भरपूर वेळ. मला ते ऐकवत नसे. मी गच्चीवर जायचे, आरसा पुसायचे, दुर्बीण थंड व्हायला लावून ठेवायचे. भुताचे बाहेरचे हात अजून नीट आले नव्हते आणि ती दीर्घिका आता पश्चिमेला उतरत चालली होती. मिळेल तेवढा उजेड गोळा करायचा होता. दिवेलागणीपर्यंत खाली काय चाललंय त्याकडे मी लक्ष द्यायचे नाही.

सोमवारी मात्र आदल्या दिवसाचा कॉल उघडून खरखर तपासायचे. त्याची तशीच. आणि आता ह्यांचीही. पूर्वी ह्यांचे रविवार रचले की चेहरा धूसर यायचा, कारण माणूस आतून हलत असायचा, सावरण्याच्या पलीकडे. आता हेही धारदार यायला लागले होते. बापलेक एका हातानं घडवल्यासारखे.

माघ संपता संपता एका सोमवारी खरखर बसली.

मी हात धुऊन आले आणि पुन्हा रचलं. बसली. दाण्यावर दाणा नव्हता. गाल आत गेलेले, कानाजवळ कापल्याची खूण, दाढी तशीच वेडीवाकडी. मी आवाज लावला.

"पप्पा," तो म्हणाला. "आज मी आहे. म्हणजे मीच आहे." जरा हसला. "आई कुठाय?"

"गच्चीवर," खणखणीत आवाज आला. "फोटो काढतीय."

"बोलावू नका. तुमच्याशीच बोलायचंय." मग कितीतरी वेळ नुसती त्याची खरखर. "माझी नोकरी जाऊन वर्ष झालं पप्पा. गोदामात खोकी उचलतो. तुम्हाला सांगायला लाज वाटली. रविवारी मी तुमच्यासमोर बसू शकत नव्हतो, तुम्ही इतके... तुम्ही इतके छान दिसता." त्यानं नाक पुसलं. "मला घरी यायचंय. कायमचं. येऊ का?"

तो पडद्याजवळ आला. बापाकडे बघत होता. अगदी नीट बघत होता, ब्लेडमागून आरशाकडे बघायचा तसा. त्याला खुर्चीत सरळ बसलेला, न थरथरणारा एक माणूस दिसत होता, आणि त्या माणसाला त्याचं नेहमीचं वाक्य पाठ होतं.

"तिकडंच बरं आहे तुझं," ह्यांनी सांगितलं. "आमची काळजी करू नको, आम्ही मजेत आहोत."

ऋतुराज पडद्यापासून हलला नाही, अजून काही येतंय का बघत असावा. कप वर गेला, खाली आला. एक थेंब नाही.

"बरं," तो म्हणाला, आणि पडदा विझला.

त्या वेळी मी वर आरसा पुसत होते. अंगठा लागू नये म्हणून जपून.

संग्रामकडून ऑफिसचा नंबर घेतला. तिथं सांगितलं, ह्या नावाचं इथं कुणी काम करत नाही. कुठलं गोदाम ते कुणाला माहीत नव्हतं. मग मी सोबत लावली. पहिल्या घंटेलाच उचलली.

"हो आई, बोल ना."

"ऋतुराज, ये रे. मी चुकले. पप्पा नाहीत. तू ये, कायमचा ये."

"येतो ना आई. मार्चमध्ये नक्की येतो."

मी बोलत राहिले. आजही तोच प्रश्न, उद्याही तोच. मागे एकदा कंटाळून यंत्रानं त्याला बोलावलं होतं, तसं पुन्हा बोलावेल म्हणून. बोलता बोलता एका हातानं चित्रं उतरवते, टाचण्या लावते, रचते.

बसत नाही.